बाळंतपणाच्या कळा आणि चार इंजेक्शने

आमच्या आपाची थोरली मुलगी सध्या आठव्या महिन्यात आहे. दुसरी खेप. महिन्याभरापूर्वी ती माहेरी आली, म्हणून आम्ही तिला भेटायला गेलो. चहा होण्याआधीच तिने विषय काढला, "खाला, तुम्हीच अम्मीला समजवा. मी यावेळी मॅडमना सरळ सिझर करायला सांगणार आहे. मागच्या खेपेला चौदा तास कळा सोसल्या. चार इंजेक्शनं दिली, तरी दुखायचं थांबलं नाही. आता पुन्हा हिंमत नाही."

आपा म्हणाली, "आम्ही नाही का सोसलं? तुझ्या सासूबाईंची तर पाचही बाळंतपणं घरी झाली, दाईच्या हातून."

भाची काही बोलली नाही. उठून आत गेली.

आम्हाला त्या चार इंजेक्शनांचे नवल वाटले. चार वेळा दुखण्यावरचे औषध द्यावे आणि फरक पडू नये, असे कसे? तिच्या जुन्या फाईलची प्रत मागवून घेतली आणि ओळखीच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंपुढे ठेवली. त्यांनी बोट ठेवून एकेक नाव वाचले. पहिले, सलाईनमधून ऑक्सिटोसिन. दुसरे ड्रोटॅव्हेरिन. तिसरे फेनर्गन. चौथे ट्रॅमाडॉल, आणि तेही पिशवीचे तोंड बरेचसे उघडल्यानंतर. "यातलं दुखणं कमी करणारं हे शेवटचं एकच," डॉक्टरबाई म्हणाल्या, "बाकी तिन्हींचं काम वेगळं."

म्हणजे आमची भाची दोन वर्षे असे समजून होती की जगातली सगळी औषधे तिच्यावर वापरून झाली आणि हरली. त्या समजुतीवरच तिने पोट कापून घ्यायचे ठरवले होते. आमच्या कितीतरी वाचक भगिनींची हीच समजूत असेल, म्हणून त्या संध्याकाळी जे कळले आणि नंतर आम्ही वाचून, विचारून जे पडताळले, ते येथे देत आहोत.

आधी त्या तीन इंजेक्शनांबद्दल. ऑक्सिटोसिन हे कळा आणण्याचे आणि वाढवण्याचे औषध आहे. कळा थंडावल्या, बाळंतपण पुढे सरकेना, तर ते थेंब थेंब मोजून देतात. त्याने कळा जोरात आणि लवकर लवकर येतात, म्हणजे दुखणे वाढते. सलाईन लावले की आता बरे वाटेल असे घरच्यांना वाटते, आणि नेमके त्याच वेळी बाई जास्त ओरडू लागते. मग "हिला काही सोसत नाही" असा शिक्का बसतो. येथेच सांगून ठेवतो, हे औषध बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून दवाखान्यातच द्यायचे असते. घरी कोणाला बोलावून "कळा येण्याची सुई" दंडात टोचून घेण्याची रीत काही ठिकाणी अजून आहे. तिच्यामुळे गर्भाशय फाटू शकते, बाळ गुदमरू शकते.

ड्रोटॅव्हेरिन, तसेच बस्कोपान आणि एपिडोसिन, ही पिशवीचे तोंड सैल पडावे म्हणून देतात. आपल्याकडे ती सर्रास दिली जातात. त्यांनी बाळंतपणाचा पहिला टप्पा काहीसा लवकर आटोपतो असे काही अभ्यासांत दिसले आहे. मात्र बाळंतपण लांबू नये एवढ्यासाठी ती सरसकट देऊ नयेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची 2018 सालची शिफारस आहे. कळेचे दुखणे त्यांनी थांबत नाही. आणि फेनर्गन म्हणजे मळमळ कमी करणारे, गुंगी आणणारे औषध. त्याने डोळे मिटतात. बाई दोन कळांच्या मध्ये पेंगते, कळ आली की दचकून उठते. बाहेरून पाहणाऱ्याला ती शांत झाली असे वाटते, एवढेच.

आता खऱ्या वेदनाशामकांकडे येऊ.

सर्वांत सौम्य पॅरासिटामॉल. आपण तापाला घेतो तेच. शिरेतून एक ग्रॅम देतात. सुरुवातीच्या कळांना थोडा आधार मिळतो, बाळाला त्रास नसतो, आईला झोप येत नाही. जोराच्या कळांपुढे मात्र त्याचे फारसे चालत नाही. याच्याच जोडीला एक सावधगिरीची गोष्ट: कंबर दुखते म्हणून घरातली ब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी शेवटच्या महिन्यांत घेऊ नये. या जातीच्या गोळ्यांमुळे पोटातल्या बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी आकसू शकते. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी आणलेली पट्टी हाताशी असते आणि एक गोळी घेऊन काय होते असे वाटते, म्हणून लिहिले.

त्यानंतर दंडात किंवा कमरेत टोचायची अफूच्या जातीची औषधे. पेथिडिन हे यांतले जुने. 1930 च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत तयार झाले आणि पुढे जगभरच्या लेबर रूममध्ये गेले. सुई टोचल्यावर पंधरा-वीस मिनिटांत परिणाम सुरू होतो आणि दोन ते चार तास टिकतो. पण किती परिणाम? ज्यांनी घेतले त्यांच्यापैकी अनेकजणी सांगतात की दुखत होते, फक्त ते आपल्यापासून थोडे लांब गेल्यासारखे वाटत होते. त्यासोबत मळमळ, उलटी, गुंगी. शिवाय ते नाळेतून बाळापर्यंत पोहोचते. सुईनंतर दोन-तीन तासांत बाळ जन्मले तर ते सुस्त असू शकते, श्वास मंद असू शकतो, छातीशी धरले तरी ओढत नाही. पेथिडिन शरीरात मोडून त्याचा जो अंश उरतो, तो नवजात बाळाच्या अंगातून जायला दोन-तीन दिवसही लागू शकतात. श्वास मंदावलाच तर नॅलोक्सोन हे उताऱ्याचे औषध असते. म्हणून पेथिडिन देणाऱ्या दवाखान्यात बाळाला श्वास देण्याची सोय आणि ते जाणणारी व्यक्ती हवी. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे त्याचा परवाना आणि नोंदवही ठेवावी लागते. छोटी प्रसूतिगृहे त्या भानगडीत पडत नाहीत.

त्यांची गाडी मग ट्रॅमाडॉलवर येते. ते पेथिडिनपेक्षा सौम्य आहे. आईचा आणि बाळाचा श्वास त्याने तेवढा मंदावत नाही, ही त्याची जमेची बाजू. मळमळ यातही होते, आणि दुखणे कमी करण्याची ताकदही त्याच मानाने कमी. 2018 पासून तेही त्याच कायद्याखाली आले आहे. ज्या बाईला फिट येतात, किंवा जी मानसिक आजारावरची काही औषधे घेते, तिने हे आधी सांगितलेच पाहिजे, कारण ट्रॅमाडॉलने फिट येऊ शकते. आमच्या घरांत फिटचा आजार लपवण्याची सवय फार. लग्नाच्या वेळी लपवलेला आजार लेबर रूममध्येही लपवला जातो. निदान डॉक्टरांपासून तरी लपवू नका.

फोर्टविन म्हणजे पेंटाझोसिन हेही याच रांगेतले. बहुतेक वेळा फेनर्गनसोबत एकाच वेळी देतात. काहींना त्याने विचित्र भास होतात, घाबरल्यासारखे होते, आणि ते रक्तदाब वाढवू शकते. म्हणून बी.पी. असलेल्या बाईला ते योग्य नाही.

या सर्व सुयांची एक मर्यादा सारखीच आहे. पहिल्या टप्प्यात दुखते ते गर्भाशय आवळल्यामुळे आणि त्याचे तोंड ताणल्यामुळे; ओटीपोट आणि कंबर भरून येते. शेवटच्या टप्प्यात बाळ खाली सरकते तेव्हाचे दुखणे वेगळे, धारदार आणि खालच्या अंगाचे. तेथवर या औषधांचा आधार फारसा पुरत नाही. आणि वेळ चुकली तर आईला फायदा थोडा, बाळाला गुंगी जास्त. आमच्या भाचीचे तेच झाले. सुई द्यायची तर कळा चांगल्या लागल्यावर, पण बाळ यायला अवकाश असताना द्यावी लागते. हे ठरवायला कोणीतरी तपासून, विचारून, तिच्याजवळ असायला हवे. एका सिस्टरकडे सहा-सहा खाटा असल्या की ते होत नाही, हेही खरे.

गॅसचा उपाय आपल्याकडे कमी दिसतो, पण समजून घेण्यासारखा आहे. एंटोनॉक्स म्हणजे निम्मा नायट्रस ऑक्साइड आणि निम्मा ऑक्सिजन. ब्रिटनमध्ये बायका तो कितीतरी वर्षांपासून वापरत आल्या आहेत. मास्क किंवा तोंडात धरायची नळी असते, आणि ती बाळंतिणीने स्वतःच धरायची. परिणाम व्हायला अर्ध्या-पाऊण मिनिटाचा अवधी लागतो, म्हणून कळ सुरू होतेय असे वाटताच श्वास ओढायला लागायचे. कळ शिगेला पोहोचल्यावर ओढला तर उपयोग होतो तो पुढच्या मोकळ्या वेळात. गुंगी आली तर हात आपोआप खाली पडतो आणि गॅस बंद होतो. म्हणूनच "दमली बिचारी" म्हणून अम्मीने किंवा नवऱ्याने मास्क तोंडावर धरून ठेवायचा नसतो. दुखणे पूर्ण जात नाही. डोके हलके होते, कधी मळमळते. पण सोडला की काही मिनिटांत अंगातून निघून जातो आणि बाळाला गुंगी आणत नाही. ज्यांना बी-12 ची मोठी कमतरता आहे त्यांनी तसे सांगावे, कारण हा गॅस ते जीवनसत्त्व निकामी करतो.

आता ज्याच्याविषयी सर्वांत जास्त अफवा आहेत, ते एपिड्युरल. "पाठीतली सुई" म्हणून लोक त्याला ओळखतात आणि सिझरच्या वेळच्या सुईशी त्याची गल्लत करतात. सिझरला बहुधा स्पायनल देतात: एकच सुई, एकदाच औषध, कमरेखाली सारे सुन्न. एपिड्युरलमध्ये भूलतज्ज्ञ कमरेच्या मणक्यांच्या मधल्या जागेत केसासारखी बारीक नळी बसवतात, सुई काढून घेतात, आणि त्या नळीतून बाळंतपण होईपर्यंत थोडे थोडे औषध देत राहतात. औषध म्हणजे सुन्न करणारे बुपिव्हॅकेन, अगदी पातळ करून, आणि जोडीला किंचित फेंटानिल. बसवायला दहा-पंधरा मिनिटे, गुण यायला आणखी तेवढीच. त्या वेळी गुडघे पोटाशी घेऊन, पाठ बाहेर काढून हलू न देता बसावे लागते. कळ चालू असताना हे सोपे नसते, समोर कोणीतरी खांदे धरायला असेल तर बरे.

सर्व उपायांत दुखणे सर्वांत जास्त कमी करणारा उपाय हाच. दुखणे कमी होते, शुद्ध पूर्ण असते, बाळ सुस्त होत नाही. कळ आल्याचे पोटावर हात ठेवून कळते. आणि अचानक सिझर करायची वेळ आली तर त्याच नळीतून जोरकस औषध देऊन बहुधा काम भागते.

त्रासही आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. रक्तदाब खाली येऊ शकतो, म्हणून सुरुवातीला दर काही मिनिटांनी तपासतात. पाय जड होतात, अंगाला खाज येते, लघवीसाठी नळी घालावी लागू शकते, काहींना ताप येतो. जोर लावण्याचा टप्पा थोडा लांबतो. ब्रिटनमधल्या प्रसूतीच्या भूलतज्ज्ञांची संघटना बायकांना जी आकडेवारी देते, तीनुसार आठांमध्ये एकीला पुरेसा गुण येत नाही आणि दुसरा उपाय करावा लागतो. साधारण शंभरात एकीला नंतर काही दिवस तीव्र डोकेदुखी होते. मज्जातंतूला कायमची इजा हजारो बायकांमध्ये एखादीला. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, प्लेटलेट फार कमी असतील, किंवा पाठीच्या त्या जागी जंतुसंसर्ग असेल, तर ते देत नाहीत. पावसाळ्यात डेंग्यूची साथ असते, तेव्हा प्लेटलेटचा रिपोर्ट ताजा असावा.

आणि कायमची कंबरदुखी? "पाठीत सुई घेतली, तेव्हापासून कंबर गेली" हे वाक्य आम्ही निदान वीस बायकांकडून ऐकले असेल. 2018 साली कॉक्रेन या संस्थेने चाळीस चाचण्यांमधल्या अकरा हजारांहून अधिक बायकांची माहिती एकत्र करून पाहिली. एपिड्युरल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांमध्ये जुनाट कंबरदुखीचे प्रमाण वेगळे निघाले नाही. सिझरचे प्रमाणही वाढलेले दिसले नाही. चिमटा किंवा व्हॅक्यूम लावण्याचे प्रमाण जुन्या चाचण्यांत वाढलेले होते. 2005 नंतरच्या, पातळ औषध वापरणाऱ्या चाचण्यांत ते दिसले नाही. सुईच्या जागी काही दिवस दुखते हे खरे. पण नऊ महिन्यांचे ओझे, त्यानंतर बाळाला वाकून पाजणे, पाण्याच्या कळशा, यांचा हिशेब कोणी करत नाही. सगळा दोष सुईच्या माथी.

खरी अडचण औषधाची नाही, माणसांची आहे. एपिड्युरलसाठी भूलतज्ज्ञ तासन्तास हाताशी लागतो. तालुक्याच्या गावी एकच भूलतज्ज्ञ तीन-चार दवाखान्यांत फिरत असतो. तो सिझरला धावेल की कळांसाठी थांबेल? सरकारी रुग्णालयात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली 2011 पासून बाळंतपण, औषधे आणि सिझरही मोफत आहे; एपिड्युरल मिळेलच असे नाही. खासगीत मिळते तेथे त्याचा खर्च वेगळा, तो आधीच विचारून घ्यावा.

मग बायका सिझरकडे वळतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खासगी दवाखान्यांतल्या बाळंतपणांपैकी 47 टक्के सिझरने झाली होती, सरकारीत 14 टक्के. यामागे कारणे पुष्कळ आहेत. कळांची भीती त्यांपैकी एक. सिझरमध्ये त्या वेळी दुखत नाही, पण नंतर पोटाची जखम असते, आणि पुढच्या खेपांना वार जुन्या टाक्यात रुतण्याचा धोका वाढत जातो. ज्या घरात आणखी मुलांची इच्छा आहे, तेथे हा विचार आधी व्हायला हवा.

घरात दोन आक्षेप हमखास निघतात. पहिला, दुखणे सोसण्यातच सवाब आहे. प्रसूतीत जीव गेलेल्या स्त्रीला शहीदाचा दर्जा सांगितला आहे, हे खरे. म्हणून तिला वेदनेत ठेवा असे कोठे सांगितले आहे? हजरत मरियम यांना कळा लागल्या तेव्हाचे कुरआनातले वर्णन आठवून पाहावे. त्या व्याकूळ झाल्या, मरण मागू लागल्या. त्यांना कोणी दटावले नाही. धीर दिला गेला, पायाशी पाणी आणि डोक्यावर ताजा खजूर दिला गेला. युरोपात 1847 साली एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी बाळंतिणींना क्लोरोफॉर्म दिला, तेव्हा कळा ही हव्वाची शिक्षा आहे, ती टाळू नये, असा आक्षेप काहींनी घेतला होता. सिम्प्सन यांनी त्याला लेखी उत्तर दिले, आणि 1853 साली खुद्द व्हिक्टोरिया राणीने बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतल्यावर तो आवाज खाली आला. आपल्याकडे तर कळांना शिक्षा म्हटलेलेच नाही.

दुसरा आक्षेप, ही नशेची औषधे आहेत आणि भूल देणारे डॉक्टर पुरुष असतात. उपचार म्हणून, जाणकाराच्या हातून, गरजेपुरते औषध घेणे आणि नशा करणे यांत उलेमांनी पूर्वीपासून फरक केला आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या आलिमांना आताच विचारून घ्यावे, कळा लागल्यावर फोन करत बसू नये. लेडी भूलतज्ज्ञ हवी असेल तर तसे आधी सांगता येते. नसेल तरी एपिड्युरलला पाठीचा वीतभर भागच उघडा लागतो. बाकी अंग झाकून ठेवा, असे सिस्टरना सांगायला संकोच करू नये.

औषधाशिवायचा एक उपाय आम्ही येथे मुद्दाम घालतो: जवळचे माणूस. बाळंतिणीच्या पसंतीची व्यक्ती तिच्यासोबत असावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि केंद्र सरकारच्या 2017 च्या लक्ष्य कार्यक्रमातही ते धरले आहे. कंबर चोळणे, गरम पाण्याची पिशवी, चालणे-फिरणे, याने सुरुवातीचे तास निभावतात. वरून पोट दाबून बाळ ढकलण्याची पद्धत मात्र चुकीची. तीच संघटना ते करू नका म्हणते. आणि शेवटी टाके. टाके घालण्याआधी ती जागा सुन्न करण्यासाठी लिग्नोकेन टोचतात, आणि त्याला दोन-तीन मिनिटे द्यावी लागतात. "झालंच आता, दोनच टाके" म्हणून ते टाळले जात असेल तर सोबतच्या बाईने बोलावे.

गेल्या शनिवारी आम्ही भाचीला घेऊन तिच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. प्रश्न कागदावर लिहून नेले होते. मॅडमनी पुढ्यातले पेशंट थांबवून पंधरा मिनिटे दिली. भूलतज्ज्ञ बाई शेजारच्या शहरातून येतात, रात्री दहापर्यंत मिळू शकतात. पाच हजारांत भागेल की जास्त लागेल ते त्यांच्याशी बोलून सांगते, म्हणाल्या. रात्री कळा लागल्या तर एंटोनॉक्सचा सिलिंडर आहे, तो भाचीला दाखवला, मास्क हातात देऊन श्वास कसा घ्यायचा ते करून घेतले. ट्रॅमाडॉल द्यायचेच झाले तर यावेळी तपासून, लवकर. प्लेटलेटचा रिपोर्ट पुढच्या खेपेला आणायचा आहे. सिझरचा विषय भाचीने काढला नाही, आम्हीही काढला नाही.

सोबत कोण राहणार, असे मॅडमनी विचारले. आपा मागे खुर्चीवर बसली होती. म्हणाली, "मी राहीन." रिक्षात बसल्यावर तिने आम्हाला हळूच विचारले, "त्या पाठीतल्या नळीचं नाव काय म्हणाल्या त्या? लिहून दे मला."